कंसातली माणसं

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. नागपुरातल्या एका कंपनीत मी परदेशी पुस्तकांच्या मजकुराला टॅग, म्हणजे ओळखीच्या खुणा, लावायचं काम करत होतो. तिकडून नुसता सपाट मजकूर यायचा; शीर्षक कुठलं अन् तळटीप कुठली, देवालाही कळू नये असा. मग मी स्टाइलशीट नावाच्या नियमांच्या फायलीत पॅटर्न लिहायचो, म्हणजे कॉम्प्युटरला अक्षरांची ठेवण शिकवायचो: कंसात चार आकडे दिसले की ते साल समज आणि सालाचा टॅग लाव. बटण दाबलं की चहा निवायच्या आत हजार पानं नटूनथटून उभी. मी त्या दिवसांत इतका फुगलो होतो की पुलगावच्या आमच्या घरात मला दारातून तिरकं होऊन शिरावं लागायचं.

अशात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा. आमच्या बाबांचं पुलगावात कापडाचं दुकान, आणि गोतावळा असा की जामपासून कारंजापर्यंत कुठंही दगड भिरकावला तर आमच्याच माणसाच्या डोक्यात पडावा. या सगळ्यांची यादी बाबांच्या एका लांबोडक्या वहीत होती. घरातल्या प्रत्येक लग्नाला तीच वही निघायची. बाबांचा हट्ट एकच. "मांडव भरला पाह्यजे. व्याह्यासमोर एक खुर्ची रिकामी दिसली, त मी उभ्या उभ्या मरीन."

मी म्हटलं, पत्रिकांच्या पाकिटांवरची नावं माझ्याकडे. स्टेशनसमोरच्या टायपिंगवाल्याकडून वही टाइप करून घेतली. गडी इतका इमानदार, की वहीत माशी चिरडलेली असती तर तीही टाइप केली असती. फाइल उघडून मी वरच्या वीस ओळी पाहिल्या. आधी गाव, मग रेघ, मग नाव, मग कंस. कंसात 'सरपंच', 'गुरुजी', 'पोस्टमास्तर'. म्हणजे कंसात मान! लगेच पॅटर्न लिहिला: कंसात जे सापडेल त्याला मानाचा टॅग, आणि तो नावाखाली लाल, तिरप्या, टपोऱ्या अक्षरांत. खालच्या सहाशे ओळी वाचल्या नाहीत. वाचायच्याच असत्या तर कॉम्प्युटर कशाला घेतला असता?

लेबलं अशी देखणी निघाली की मावश्यांनी ती गप्पा मारता मारता चिकटवली, वाचली एकीनंही नाही. चुलतभावांनी दोन फटफट्यांवरून दोन दिवसांत जिल्हा पालथा घातला. व्याह्यांचं पाकीट तेवढं बाबा स्वतः, चष्मा न लावताच, हळदकुंकू लावून देऊन आले.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. कारंजाचे मावसाजी, हायवेवर ढाबा चालवणारे.

"काऊन बे, लग्नाले बोलावून राह्यला का पंचनामा करून राह्यला?"

"काय झालं, मावसाजी?"

"माह्या नावाखाली काय छापलं? 'जेवते फार. शेवटच्या पंगतीत बसवा.' आँ?"

मी धावत जाऊन फाइल उघडली. सरपंच, गुरुजी विसाव्या ओळीतच संपले होते. त्याखाली बाबांनी तीस वर्षं प्रत्येकाबद्दल स्वतःपुरती लिहून ठेवलेली गुपितं होती. बाबांचे जामचे साडभाऊ, 'येतो म्हणते, येत नाई'. नाचणगावची आत्या, 'रुसते. दोनदा बोलवा'. आणि सगळ्यात खाली, वहीत नुकतेच चढलेले व्याही: 'पोरगा सोन्यासारखा. बाप लय बोलते, मधात कोणाले बोलू देत नाई'.

"अरे, ते मी माह्यासाठी लिहलं होतं!" बाबा ओरडले.

"मंग कंसात काऊन लिहलं?"

"त कुठं लिहू, कपाळावर?"

दिवसाला तीनदा फोन करणारे व्याही त्यानंतर आठ दिवस गप्प. बाबांनी केला तर घरातलं दुसरंच कोणी उचलायचं. बाबांचं जेवण सुटलं. बहीण मला एवढंच म्हणाली, "दादा, लग्न मोडलं त तुह्या नावाखाली काय छापायचं, ते मी ठरवून ठेवलं."

लग्नाचा दिवस उजाडला. खरं तर उजाडायचा होता, तेव्हाच जामचे साडभाऊ हजर; मांडवाचे बांबू रोवायला त्यांनीच हात लावला. नाचणगावची आत्या एका बोलावण्यात आली आणि दिवसभर अशी हसत राहिली की संध्याकाळी तिचा जबडा शेकावा लागला. मावसाजी मुद्दाम पहिल्या पंगतीत बसले, अर्धी पुरी खाल्ली, आणि चारचौघांकडे पाहत ढेकर दिला. आणि गर्दी! ज्यांना बोलावलं ते आलेच. पण दुसऱ्यांच्या पाकिटांवर काय लिहिलंय ते वाचायला न बोलावलेलेही आले. शाळेतून खुर्च्या आणल्या, त्याही पुरेनात.

व्याही आले ते हात जोडूनच. तोंडातून शब्द नाही. भटजींनी विचारलं, मान हलवली. पंगतीत आग्रह झाला, ताटावर हात आडवा धरला. बाबांचा सदरा भर सावलीत निथळत होता.

पाठवणीची वेळ आली. बहीण डोळे पुसत गाडीत बसली. तेवढ्यात व्याह्यांनी खिशातून ते पाकीट काढलं.

"व्याहीबुवा, सकाळपासून एक शब्द बोललो काय?"

"नाई जी."

"कोणाले मधात बोलू नाई देल्लं, असं झालं काय?"

"नाई जी."

"मंग आता बसा, अन् ऐका."

आणि आठ दिवसांचा बांध फुटला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बहीण गाडीतून उतरून पुन्हा मांडवात आली. निघालेले पाहुणे फिरले आणि जागा धरून बसले. बाबांनीही बसायला खुर्ची शोधली. साऱ्या मांडवात एकही रिकामी नव्हती.