कॉम्प्युटरच्या तासाला आलेले पाहुणे

इंजिनियर होऊन मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत लागलो, तेव्हा करमाळ्याकडच्या आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, आता पोराचं शिक्षण संपलं. मलाही तसंच वाटत होतं. पण पुढे शहरातल्या एका कॉलेजात पदवीधरांसाठी संध्याकाळचा मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम निघाला आणि आमच्या साहेबांनी सहज बोलल्यासारखं सुचवलं, की बढती हवी असेल तर नाव घालून ठेवा. मी घातलं. सुट्टीत गावी गेल्यावर वडलांना, म्हणजे आबांना, सांगितलं, तर ते बैलाला पेंढी टाकता टाकता थांबले.

"इंजिनेर झालास की. आता परत साळा कशाला? मागं कशात नापास झालतास व्हय?"

नाही म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

वर्ग सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही संध्याकाळच्या वर्गासारखाच होता. बँकेचे अधिकारी, वीज मंडळातले दोघे, काही सरकारी नोकर, आणि दिवसभर राबून आल्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड. अपवाद एकच. पहिल्या बाकावर पन्नाशीचे एक चादरीचे कारखानदार बसायचे. घरात तेलुगू बोलणारे, बाहेर सोलापुरी मराठी. तरुणपणी बी.कॉम. झाले होते, मग यंत्रमागांच्या खडखडाटात तीस वर्षं गेली होती, आणि आता मुलं धंद्यात आल्यावर त्यांना शिकायची हौस आली होती. आम्ही सगळे त्यांना शेटजी म्हणायचो. अमेरिकेतल्या कुठल्या तरी कंपनीचं उदाहरण देऊन प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही या कंपनीचे मॅनेजर आहात, काय कराल?" की आम्ही पुस्तकातली उत्तरं द्यायचो. शेटजी विचारायचे, "आधी मालक कोन ते सांगा. त्याचा भाऊबंद किती?"

दुसऱ्या सहामाहीत कॉम्प्युटरचा पेपर आला. शिकवायला आलेले सर जेमतेम तिशीचे होते. परदेशात कॉम्प्युटर शिकून आले होते आणि आई सोलापूर सोडायला तयार नाही म्हणून इथे राहिले होते. अडचण एवढीच होती, की कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. आमच्यापैकी कोणी तो फोटोखेरीज पाहिलेला नव्हता. पहिले दोन-तीन तास सरांनी फळ्यावर चौकोन काढून बाणांनी जोडले. वर्ग शांतपणे पेंगला. मग एके दिवशी सर पाट्या, खडू आणि पीटीच्या सरांकडून मागून आणलेली शिट्टी घेऊन आले.

"आजपासून," ते म्हणाले, "तुम्हीच कॉम्प्युटर."

त्यांनी कामं वाटून दिली. बँकेतले तिघे म्हणजे मेमरी. तिघांच्या हातात एकेक पाटी. एकाच्या पाटीवर आतापर्यंतची बेरीज, दुसऱ्याच्या पाटीवर चालू आकडा, तिसऱ्याच्या पाटीवर कुठे थांबायचं तो आकडा. शेटजी म्हणजे गणित करणारा भाग. वीज मंडळातला एक दांडगा आवाजाचा गृहस्थ उत्तर जाहीर करणार. आणि मी कंट्रोल. फळ्यावर लिहिलेल्या सूचना एकेक करून वाचायच्या, प्रत्येक सूचनेला शिट्टी मारायची, आणि शिट्टी झाली की ज्याची पाळी असेल त्याने उठून आपलं काम करायचं आणि खाली बसायचं.

"एकच नियम," सर म्हणाले. "कोणीही स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मशीनला डोकं नसतं."

हा नियम सगळ्यांत जड शेटजींना गेला. एक ते दहाची बेरीज करायची होती. मी पहिली शिट्टी मारायच्या आतच ते म्हणाले, "पंचावन्न." सरांनी हात जोडले. "शेटजी, तुम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही." मेमरीचंही तेच. नवा आकडा लिहिताना जुना पुसायचा असतो, पण बँकेच्या माणसाला काही पुसणं जिवावर यायचं. ते जुना आकडा पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवायचे. तरी आठवड्याभरात आम्ही तयार झालो. शिट्टी, उठ, बोल, लिही, बस. पाच मिनिटांत बेरीज पुरी व्हायची. त्या वर्गात कोणाला पेंग आली नाही, हे खरं.

मग विद्यापीठाकडून एक ज्येष्ठ प्राध्यापक वर्ग बघायला येणार असल्याचं कळलं. अभ्यासक्रम पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. सरांनी आम्हाला इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं.

मला ठाऊक नव्हतं ते असं, की त्याच दिवशी आबाही निघाले होते. माझ्यासाठी माढ्याकडची एक मुलगी सांगून आली होती. मुलीच्या वडलांचं म्हणणं, मुलगा इंजिनियर होऊनही अजून शिकतोय म्हणतात, तर एकदा शिकताना बघू. आबा त्यांना घेऊन खोलीवर आले, मी तिथे नाही असं कळल्यावर विचारत विचारत कॉलेजात आले.

विद्यापीठाचे पाहुणे शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. आम्ही एक ते दहाची बेरीज बिनचूक करून दाखवली. दांडग्या आवाजाने "पंचावन्न" जाहीर केलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"हे पाठ केलेलं असेल," ते म्हणाले. "फक्त विषम आकड्यांची करून दाखवा."

सर खुशीत उठले. फळ्यावर 'चालू आकड्यात एक मिळवा' असं होतं, तिथे एक पुसून त्यांनी दोन केलं. "हीच तर गंमत आहे सर. सूचना बदलली की काम बदलतं." मी शिट्टी मारली.

एक. तीन. पाच. सात. नऊ. सगळं सुरळीत चाललं होतं. प्रत्येक फेरीला तिसरी पाटी उठून सांगायची, "थांबायचा आकडा दहा," आणि मी विचारायचो, "चालू आकडा दहा आहे का?" "नाही." की पुढची फेरी. नवानंतर अकरा आले. "चालू आकडा दहा आहे का?" "नाही." तेरा. "दहा आहे का?" "नाही."

विषम आकड्यांच्या वाटेवर दहा लागणारच नव्हते. शेटजींनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. सरांच्या कपाळावर घाम आला होता, पण पाहुणे पुढे सरकून बसले होते आणि फळ्यावर 'थांबा' ही सूचना दहा आल्याशिवाय लागू होत नव्हती. मी शिट्टी मारत राहिलो. माणसं उठत राहिली, बसत राहिली. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या इंजिनियरने शिट्टी फुंकावी आणि टक्कल पडलेल्या बँक अधिकाऱ्यांनी पाट्या घेऊन उठाबशा काढाव्यात, असं चाललं असताना माझी नजर दाराकडे गेली. दारात आबा उभे होते. शेजारी फेटा बांधलेले एक अनोळखी गृहस्थ.

आबांनी मला बघून मान खाली घातली.

त्या दोघांसमोर थांबावं की पाहुण्यांसमोर चालू ठेवावं, हे ठरवायला कंट्रोलला डोकं नव्हतं. मी शिट्टी मारली. शेवटी सुटका केली शिपायाने. पाहुण्यांचा चहा घेऊन तो आत आला आणि पाहुण्यांबरोबर पुढच्या बाकांवरही कप देत सुटला. बेरीज धरून बसलेल्या बँकेच्या साहेबांनी कप घ्यायला पाटी मांडीखाली सरकवली. मी विचारलं, "आतापर्यंतची बेरीज?" त्यांनी फुर्र करून घोट घेतला. पाटी काढली तर धोतराला सगळा आकडा पुसला होता.

"मेमरी गेली," सर पुटपुटले.

विद्यापीठाच्या पाहुण्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "खऱ्या मशीनचं असं होतं?"

"खरं मशीन चहाला थांबत नाही सर," सर खालमानेने म्हणाले. "कोणीतरी बटण बंद करेपर्यंत तेरा, पंधरा, सतरा करत बसतं. चूक माझी होती. दहा 'झाले का' विचारायला नको होतं, दहाच्या 'पुढे गेला का' विचारायला हवं होतं."

पाहुणे पहिल्यांदा हसले. "हे तुमच्या विद्यार्थ्यांना आता जन्मभर आठवेल," असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

मी धावत व्हरांड्यात गेलो. आबांनी परिस्थिती हातात घेतली होती. "पीटीचा तास हुता," ते सांगत होते.

"आबा, कॉम्प्युटरचा होता," मी म्हणालो. खोटं बोलायची ती वेळ होती, हे मला नंतर कळलं.

मुलीच्या वडलांनी मला नीट न्याहाळलं. "म्हंजी मशीन?"

"हो."

"मग ते कुटं हाय?"

"नाही. म्हणजे अजून आलेलं नाही. आम्हीच मशीन."

आबा कॉलेजच्या कडुनिंबाकडे बघत राहिले. तेवढ्यात शेटजी बाहेर आले. फेटेवाले पाहुणे आणि माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं काय ते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई चांगला पोरगा हाय. सांगितलं तेवडंच करतोय. सोताचं डोकं अजिबात चालवत नाय."

ती त्यांनी कंट्रोल म्हणून केलेली माझी तारीफ होती. मी डोळे मिटून घेतले. मुलीच्या वडलांनी मात्र मान डोलावली.

"तसाच पायजे," ते म्हणाले. "थोरल्या जावयाला डोकं लई हाय. वैताग आलाय."

परत जाताना एसटी स्टँडवर त्यांनी आम्हा दोघांना भजी खाऊ घातली आणि आबांना मुलगी बघायला यायचं निमंत्रण दिलं. त्या उन्हाळ्यात लग्न झालं. बायकोला माझं डोकं चालतं हे कळल्यावर ती म्हणाली, वडलांना सांगू नका.

विद्यापीठाचा शेरा चांगला आला आणि वर्ग चालू राहिला. परीक्षेत मी दुसऱ्या वर्गात पास झालो. शेटजी हिशेबाच्या नाही, मॅनेजमेंटच्या तात्त्विक पेपरात नापास झाले. 'तोट्यातल्या उद्योगाचं पुनरुज्जीवन कसं कराल?' या प्रश्नाला त्यांनी 'बंद करीन' एवढंच उत्तर लिहिलं होतं. निकालाच्या संध्याकाळी ते आमच्या खोलीवर आले, बायकोच्या हातात दोन चादरी ठेवल्या आणि पिठलं-भाकरी जेवले. मला वाटलं, मन घट्ट केलं असेल. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "परत देतो की परीक्षा. संध्याकाळी घरी बसून काय करू?"

पुढच्या खेपेला ते पास झाले. तरीही कॉलेजवरून जाताना पहिल्या बाकावर ते मला बरीच वर्षं दिसायचे. तिथल्या कोणी त्यांना उठवलं नाही.