असू द्या

उजव्या हाताच्या चिमटीत उजव्या कानाची पाळी धरायची, मान जराशी वाकडी करायची आणि म्हणायचं, "चुकलं बरं का माझं." आमच्या शेजारच्या काकांची ही सवय. पाऊस आला तरी त्यांचं चुकलेलं, लाईट गेली तरी त्यांचंच चुकलेलं. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचा राग येत नाही आणि त्याला गप्पही करता येत नाही.

आम्ही "राहू द्या हो काका" म्हणायचो, पण त्यानं त्यांचं समाधान होत नसे. ते काकूंकडे बघत उभे राहायचे. काकू हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "असू द्या." तेवढं ऐकलं की काकांचा हात कानावरून खाली यायचा.

काका शेती खात्यात होते. नोकरीभर बदल्या झाल्या. भोकरदनकडची गावं झाली, अंबडकडची झाली, आणि प्रत्येक बदलीला काकूंनी संसार पोत्यात बांधला आणि नव्या गावात सोडला. शेवटी नवीन जालन्यात आमच्याच गल्लीत ते भाड्यानं राहत होते आणि माझ्या घराला लागून त्यांचा एक प्लॉट होता. निवृत्तीनंतर तिथं घर बांधणार, हे सगळे धरूनच चालले होते. निवृत्त झाले त्या दिवशी काकांनी बायकोला विचारलं, "आता बोल, तुला काय पाहिजे?" काकू म्हणाल्या, "मला काहीच नको. ही बांधाबांध तेवढी बंद करा."

झालं! काकांनी एका शाळेची जुनी बस विकत घेतली.

"आरे, डोकं लावलं मी," ते मला सांगत होते. "हिला फिरवायचं तर राहूनच गेलं ना. आता घरच सोबत न्यायचं. सामान बांधायचं न्हाई, सोडायचं न्हाई. बराबर की न्हाई?"

बराबर, बिलकुल बराबर, असं आम्ही सगळी गल्ली म्हणालो. बसमध्ये पलंग बसला, ओटा झाला, टपावर पाण्याची टाकी आली. आम्ही पेढे खाल्ले, फोटो काढले. काकूंना कसं वाटतं, हे कुणीसुद्धा विचारलं नाही. मीही नाही.

बस पिवळी होती तोवर रस्त्यावरची शाळेची पोरं पळत येऊन चढायची. म्हणून काकांनी तिला लाल रंग दिला. मग काय, लोकांना ती एसटी वाटायला लागली! फाट्याफाट्यावर लोक हात करायचे, आणि हात केला की थांबायचं नाही हे काकांना जमत नसे. एक आजीबाई पिशवी घेऊन वर आल्या, थेट पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "अंबड आलं की उठव रे बाबा." काकांना जायचं होतं उलट्या दिशेला. त्यांनी गाडी वळवली, आजींना अंबडला उतरवलं आणि कान धरून काकूंकडे बघितलं.

"असू द्या," काकू म्हणाल्या. "म्हातारी माणसं."

अंकुशनगरला कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना बस लिंबाच्या झाडाखाली गेली. फांदीनं टाकी फोडली आणि सगळं पाणी खिडकीतून काकांच्या डोक्यावर. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. उतारावर गाडी लावून भजी करायला घेतली तेव्हा तेल कढईच्या एका अंगाला जमलं, आणि अर्धी भजी करपली तर अर्धी कच्ची. काका दोन्ही खात म्हणाले, "चुकलं बरं का माझं. पण चव आलीय."

आम्ही या गोष्टी ऐकून पोट धरून हसायचो. धावड्याला गेलो त्या दिवशी मात्र माझं हसू आटलं.

मी बियाण्यांच्या कंपनीत आहे. धावड्याला आमच्या बीजोत्पादनाचे प्लॉट बघायचे होते आणि काका काकूंना घेऊन तिकडेच निघाले होते. धावडा त्यांचं पहिल्या नेमणुकीचं गाव. "चल आमच्यासंगं," काका म्हणाले.

निघण्याआधी मी पाहिलं, काकू बांधत होत्या. डाळीचे डबे सुतळीनं बांधले. सिलिंडर साखळीनं खांबाला बांधला. कपाटाची दारं, पाण्याचा माठ, पिठाचा डबा, सगळ्याला दोऱ्या. शेवटी देव्हाऱ्यातल्या देवांना लाल नाडा गुंडाळला आणि गाठ मारली.

"हे दर वेळी करावं लागतं, काकू?"

"गाडी हलायच्या आधी बांधायचं, थांबली की सोडायचं," त्या म्हणाल्या. "तू बस. त्या डब्याला टेकू नको."

धावड्याच्या अलीकडे आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. काकांनी समोरून येणाऱ्या बैलगाडीला वाट दिली आणि बसची मागची चाकं काळ्या मातीत रुतली. काका उतरले, चिखल बघितला, कान धरला. काकू म्हणाल्या, "असू द्या." एक शेतकरी ट्रॅक्टर आणायला गेला आणि आम्ही तिघं चालत गावात निघालो. त्यांचं जुनं भाड्याचं घर जवळच होतं.

घरातली सून बाहेर आली. ओळख पटली तशी म्हणाली, "तुम्हीच का त्या? हा कढीपत्ता तुम्ही लावल्ता ना? आमच्या सासूबाई लई सांगायच्या."

अंगणात कढीपत्त्याचं झाड पत्र्याच्या वर गेलं होतं. काकूंनी खोडावर तळहात ठेवला.

"आगं, बघ तरी किती वाढलं!" काका खूश होऊन म्हणाले.

"वाढणारच," काकू म्हणाल्या. "त्याला कुणी बांधून उचलून नेलं न्हाई."

काका हसायला लागले होते, ते थांबले.

"गावोगाव एकेक झाड लावलं मी," काकू शांतपणे बोलत होत्या. "बांधाबांध बंद करा म्हणले, म्हंजे एका जागी राहू म्हणले होते. तुम्ही घरालाच चाकं लावली. मला रोज बांधावं लागून राह्यलंय."

काकांचा हात कानाकडे गेला. "चुकलं माझं," ते म्हणाले. त्यात नेहमीचं 'बरं का' नव्हतं. ते काकूंकडे बघत उभे राहिले. काकू काहीच म्हणाल्या नाहीत. माझीही मान खाली गेली. पेढे खाताना मी सगळ्यात मोठ्यानं वा वा केली होती.

परत आल्यावर काकांनी बस प्लॉटच्या कडेला लावली आणि स्टिअरिंग काढून माझ्या घरी आणून दिलं. "ठेव तुझ्याकडं. मी मागितलं तरी द्यायचं न्हाई." मग कढीपत्त्याचं रोप आणून लावलं आणि दुसऱ्या दिवशी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं.

"इथं सैपाकघर. बराबर आहे का गं?"

"बघा तुम्हाला बराबर वाटतं तसं," काकू म्हणायच्या आणि आत जायच्या. राहायला बसच होती. फक्त आता काही बांधावं लागत नव्हतं.

पाया भरला, भिंती उभ्या राहू लागल्या. काका रोज भिंतींवर पाणी मारायचे आणि कुंपणाजवळ येऊन मला हळूच सांगायचे, "अजून म्हणली न्हाई रे."

शेवटी मी काकूंकडे गेलो. म्हटलं, "एकदा असू द्या म्हणून टाका ना. माणूस झुरतोय."

काकू गालात हसल्या. "म्हणन की. त्यांच्यावर का राग आहे माझा? पण आत्ताच म्हणले तर हे काम अर्धवट सोडतील, न्हाई तर आणखी काहीतरी डोकं लावतील. वास्तूच्या दिवशी म्हणन. सगळ्यांसमोर."

हे मी काकांना सांगायला हवं होतं. काकूंची गंमत कशाला मोडा, म्हणून गप्प बसलो.

भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. एका सकाळी काका पाणी मारताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मी धावत गेलो तेव्हा पाइपातून पाणी वाहतच होतं.

पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं घर पुरं केलं. वास्तू झाली. जेवणं उरकली आणि काकू सगळ्यांना हवं-नको विचारत राहिल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

परवा मुलानं फोन करून भंगारवाल्याला पाठवलं. तो गेटवर उभा होता. मी स्टिअरिंग घेऊन गेलो, म्हटलं हेही गाडीबरोबर जाऊ द्यावं. काकू बसमध्ये होत्या. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं.

"काकू, तो थांबलाय. काय सांगू? बस न्यायची का त्यानं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. सीटकडे बघत म्हणाल्या, "असू द्या."

मी त्यांच्या मुलापेक्षा लहान. मला त्या 'ये', 'बस', 'असू दे' म्हणतात. 'द्या' कधीच म्हणाल्या नाहीत. मी खाली उतरलो आणि गेटवर जाऊन भंगारवाल्याला परत पाठवलं.