जवळचा सूर्य

दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्या शाळेत मी एकटाच मास्तर. वय वीस, नोकरी कच्ची. साहेबांनी चांगला शेरा दिला तर पक्की, नाहीतर घरचा रस्ता.

छाप पाडायची म्हणून मी एक नवा पाठ बसवला होता. तीन पाट्यांवर चंद्र, सूर्य आणि कृत्तिकांचा पुंजका काढायचा, आणि मुलांनी त्या पृथ्वीला जवळचं आधी, दूरचं मग अशा ओळीने अंगणात मांडायच्या. आठ दिवस मी दुसरं काही शिकवलं नाही. जेवताना उठून पुन्हा पाट्या बघायचो. झोप नाही, दाढी नाही. सगळी पोरं तयार झाली, एक सोडून. जंगलातल्या टोल्यावरून, चार झोपड्यांच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी दर वेळी सूर्य आधी ठेवायची आणि चंद्र मग. मी ओरडलो, पाटी हिसकावली, शेवटी तिला सगळ्यांच्या मागे बसवलं. माझं डोकं तेव्हा फार लवकर फिरायचं.

साहेब आले आणि त्यांनी नेमकं तिलाच उठवलं. तिने मांडलं: सूर्य, चंद्र, कृत्तिका.

“काऊन वं, सूर्य आधी?” साहेब आमच्या चांद्याकडचेच होते.

“तो रोज येते जी. कुंभार रोज दिसते, तो गावातलाच. चुडीवाली बाजाराच्या दिवशी येते, ते गोंडपिपरीची. घोंगडीवाला सालातून एकदा येते, तो लय दूरचा. चंद्र मधात मधात दिसत नाई, मंग तो सूर्याहून दूरच राह्यत असन.”

साहेब हसले, मग गंभीर झाले. “उत्तर चुकलं, पण पोरगी विचार करून राह्यली. गुरुजी, काऊन ते विचारायची सवय तुम्हीच लावली का पोराईले?”

त्यांच्या हातात टाक होता.

“हो साहेब. मी प्रत्येकाला विचारतो.”

आठ दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं. साहेबांनी माझ्या देखत चांगला शेरा लिहिला आणि ते बैलगाडीत बसून गेले.

मुलगी पाट्या पुसत होती. तिने मान वर केली. “गुर्जी, मले कवा इचारलं तुमी?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच आठवत नव्हतं. शरमेने माझे कान तापले. आणि मी तिच्यावरच खेकसलो, “घरी जा!”