अण्णांनी काढून टाकलेला पंप

माझ्या मामांना कुठलीही वस्तू पुरी बघवत नसे. नवीन काही घरात आलं की त्यातला एखादा भाग काढून फेकल्याशिवाय ती आपली झाली, असं त्यांना वाटत नसे. इस्त्रीची तिसरी, अर्थिंगची तार त्यांनी कापली होती. ‘सुम्ने लावतात हे,’ म्हणायचे. सुम्ने म्हणजे कन्नडमध्ये उगीच. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते, आणि जगातल्या सगळ्या इंजिनियरांनी आपल्याला न विचारता कामं उरकली, हे त्यांचं कायमचं दुखणं होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. मला ताप आला तेव्हा त्यांनी उशाशी बसून डाळिंबाचे दाणे सोलून दिले. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तीन गोळ्यांपैकी एक त्यांनी आधीच कचऱ्यात टाकली होती.

त्याच वर्षी त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाची लांबलचक मोटार विकत घेतली. तिच्या इंजिनाला हवेचा एक पंप होता. थंड इंजिन सुरू केलं की तो धुराच्या नळीत बाहेरची हवा सोडायचा, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथेच जळून जावं.

“धूर साफ करतो म्हणे,” अण्णा मला म्हणाले. “साफ करून काय देवाला दाखवायचाय? गाडीची निम्मी ताकद हाच खातो.”

एका रविवारी त्यांनी पंप काढला. धुराच्या नळीकडे जाणारी वाट आता उघडी पडली होती. तिच्यात त्यांनी कारखान्यातून आणलेलं रबरी बूच ठोकलं. तापून लाल होणाऱ्या नळीला रबर. मग शेजारच्यांना बोलावून गाडी कशी पळते ते दाखवलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही महादेवपुऱ्याला एका बारशाला निघालो. मामी पुढे, मी मागे. बंगळूरच्या शिवाजीनगरात गाड्या तुंबल्या.

“अहो, कसलातरी वास येतोय,” मामी म्हणाल्या.

“शिवाजीनगरचा आहे तो. काच वर घे, एसी लावलाय.”

मामींनी काच वर घेतली, अण्णांनी एसीचा झोत त्यांच्याकडे वळवला. मला मळमळत होतं, म्हणून मी माझी खाली केली. अण्णांनी आरशातून माझ्याकडे रागाने पाहिलं. थोड्या वेळाने मामींनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, “माणसांत जायचं म्हटलं की हिचं सुरू.” मी वाकून पाहिलं तर मामींची मान खिडकीवर कलंडली होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर त्यांनी डोळे उघडले. बंद जागेत इंजिन चालू ठेवून बसला होतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “छे. ही सकाळपासून उपाशी आहे. उपासतापास फार.” मामींनी निघताना माझ्याबरोबर इडल्या खाल्ल्या होत्या. मी तसं डॉक्टरांना सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॉनेट उघडून उभे होते. मी मागे आले हे त्यांना कळलं नाही. बूच वितळून गळून पडलं होतं आणि भोकाभोवती, एसीसाठी हवा ओढणाऱ्या जाळीपर्यंत काजळी धरली होती. त्यांनी ती फडक्याने पुसली, लोखंडी टोपण घट्ट आवळलं, हात धुतले. घरात येऊन मला म्हणाले, “मामीला रक्त तपासून घ्यायला सांग. हिमोग्लोबिन कमी असणार तिचं.”

मी मामींना पाहिलेलं सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. “सरी,” म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मामी त्या गाडीत बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, कारणही दिलं नाही. अण्णा नातेवाइकांना सांगत, हिला गाडी लागते.

मी पुण्याला परत निघाले त्या सकाळी रिक्षातून मला दोघंही दिसली. मामी बसस्टॉपवर उभ्या होत्या. अण्णांनी गाडी त्यांच्यापुढे उभी केली होती आणि आतून आडवं होऊन दार उघडून धरलं होतं. मामी गाडीवरून पलीकडे, बस येते का ते बघत होत्या. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तरी ते दार धरून होते.

त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.