मी फोडलेला पहिला नारळ
चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वेडंवाकडं, चुका पोटात घालाव्यात. नारळपाण्याचा गोडसर वास आला, की लग्नानंतरचा सोलापुरातला पहिला उन्हाळा आठवतो. जुलाबानं धाकट्या नणंदेचे ओठ पार सुकले होते. डॉक्टरांनी नारळाचं पाणी पाजायला सांगितलं. देवापुढं नारळ होता, पण आमच्यात बायका नारळ फोडत नसत आणि पुरुष सगळे गिरणीत गेलेले. सासूबाई दारातून रस्त्याकडे बघत होत्या. मी घरात मान वर करून बोलतही नसे, तरी उठले आणि नारळ पायरीवर आपटला. पाणी तांब्यात धरून तिला पाजलं. घटाघटा पिऊन ती म्हणाली, "वैनी, अजून हाय का?" मी भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं. त्या खळखळून हसल्या. "बगतीस काय? मी दुकानातनं दोन आणते, तू फोड की!" तेव्हापासून आजपर्यंत घरचा नारळ मीच फोडते.