दारात बसवलेला फ्रिज

नव्वदच्या आसपास मी भिवंडीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि निजामपुऱ्यात भाड्याने खोली घेतली. घरमालकांना सगळे चाचा म्हणत. खाली त्यांचे कापड विणायचे लूम, वर त्यांचं घर आणि त्याच गॅलरीच्या टोकाला माझी खोली.

त्या मे महिन्यात त्यांच्याकडे फ्रिज आला. चाची माहेरी गेल्या होत्या. एका दुपारी मी गार पाणी मागायला गेले, तर खिडक्या बंद, फ्रिजचं दार सताड उघडं आणि समोर चाचा बनियनवर मांडी घालून बसलेले.

"या टीचर, बसा. काश्मीर हाय."

बसले. पाय गार पडले, पाठ मात्र घामाने चिंब. थोड्या वेळाने चाचाच वैतागले, "साला, खोली तापते कशी?"

शिक्षकाला असं काही विचारू नये. मी सुरू झाले. "ऊर्जा नव्याने तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही, हा पहिला नियम. फ्रिज गारवा बनवत नाही, आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. दुसरा नियम असा, की उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडेच जाते. गरम चहा निवतो, निवलेला चहा आपोआप तापत नाही. उष्णतेला उलटं ढकलायचं तर मोटर चालवावी लागते, आणि त्या मोटरची वीजही शेवटी उष्णता होऊन याच खोलीत उतरते. म्हणजे समोर जेवढं गार, त्यापेक्षा मागे जास्त गरम."

चाचांनी फ्रिजमागे हात घातला. चटका बसला तसा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे झगडा फक्त पाठीचा हाय!"

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर फ्रिज गॅलरीच्या दारात उभा. तोंड घरात, पाठ बाहेर, फटींत गोधड्या कोंबलेल्या. चाचांची ये-जा आता स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्याने. माझ्या खोलीकडे जाताना भट्टीजवळून गेल्यासारखं वाटलं.

"टीचर, खोली गार पडली!" गोधडीमागून आवाज आला.

मी मागच्या जिन्याने आत जाऊन पाहिलं. थोडी पडली होती खरी. नियमांच्या बाजूने तक्रारीला जागा नव्हती. "पण चाचा, सगळी उष्णता माझ्या दारात येते!"

"कुठंतरी जायलाच पायजे ना? नाहीशी होत न्हाय, तुमीच बोलल्या."

तेवढ्यात चाची परतल्या. पुढचं दार बुजलेलं बघून त्या पिशव्यांसकट मागच्या जिन्याने वर आल्या आणि तडक फ्रिजपाशी गेल्या. दूध नासलं होतं, मटणाला वास येत होता.

"फ्रिज दूध ठेवायला आणला का तुमची छाती थंड करायला?"

"टीचरनं सांगितलं," चाचा म्हणाले.

मी घाईघाईने पहिल्या नियमापासून सुरुवात केली. चाचींनी पातेलं माझ्यासमोर धरलं. "तुमच्या कायद्यात नासलेलं दूध परत चांगलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. खरं तर हा दुसऱ्या नियमाचाच भाग होता, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

लूमवरच्या कामगारांनी फ्रिज उचलून स्वयंपाकघरात नेला. चाचा मात्र खचले नाहीत. महिन्याभरात त्यांचे एक दोस्त माझ्या दारात हजर झाले. मोटरने डायनामो फिरवायचा, डायनामोच्या विजेवर तीच मोटर चालवायची आणि उरलेल्या विजेवर लूम, असा त्यांचा बेत होता.

"यात काही कायदा आडवा येतो का?" त्यांनी विचारलं.

"दोन येतात," मी म्हणाले आणि चहा टाकला.