उपडे पिंप

आमच्या वस्तीतली अंगणवाडी पत्र्याच्या एका खोलीत भरायची. माझी आई तिथे मदतनीस होती. खोलीत नळ नव्हता. मागे संडास बांधलेला होता, पण ओतायला पाणी नाही म्हणून त्याला कुलूप असे. मुले गटाराच्या कडेला बसायची. लहानपणी मीही तिथेच बसलो. खडकवासला धरणाचे पाणी मात्र वस्तीच्या पाठीमागून, कालव्यातून पुढे जात असे.

वर्षातून एकदा साहेब तपासणीला येत. आदल्या दिवशी बायका घरटी एक हंडा आणून अंगणवाडीचे पिंप काठोकाठ भरत. परक्यासमोर वस्तीची शोभा होऊ नये, एवढेच कारण. साहेब झाकण उचलून बघत आणि फॉर्मवर लिहीत: पाणी उपलब्ध.

मी सातवीत असताना अंगणवाडीतल्या मुलांना जुलाब लागले. माझी धाकटी बहीण आठवडाभर दवाखान्यात होती. ती घरी आल्यावर आईने नळासाठी अर्ज दिला. उत्तर आले: केंद्रात पाणी उपलब्ध आहे. आईला वाचता येत नव्हते. तिने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"हे आपणच लिहिलंय," ती म्हणाली. "हंड्यांनी."

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी बायका हंडे घेऊन आल्या, तेव्हा आई पिंप उपडे करून त्यावर बसली होती.

"अगं, वस्तीचं नाक कापशील," शेजारीण म्हणाली.

"नाक राहू दे. पोरांची बुडं धुवायला पाणी पाहिजे."

अंगणवाडीच्या बाई घाबरल्या. "मावशी, नोकरी जाईल तुमची."

"गेली तर गेली. कारण तरी लेखी देतील."

दुसऱ्या दिवशी साहेब उन्हातून आले. त्यांनी प्यायला पाणी मागितले. आई पिंपावरून उठली नाही.

"नळ चारला येतो, साहेब, तोही कोपऱ्यावर. बसा आपण."

"दरवर्षी तर पिंप भरलेलं असतं!"

"आपण येणार म्हणून भरत होतो."

"मग मागच्या वर्षांचं मी काय उत्तर देऊ?"

"मावशीनं फसवलं म्हणा."

साहेबांनी फॉर्म काढून पेन उघडले. मग लिहिले. आईने मला पुढे बोलावून ते वाचायला लावले. मी वाचले: पाणी नाही. त्यानंतर ती उठली.

नळ यायला दीड वर्ष लागले. मध्ये आणखी एक तपासणी झाली. तेव्हाही पिंप उपडेच होते, आणि शेजारणी आपापले रिकामे हंडे घेऊन दारात उभ्या होत्या.